कोंगलकुंट्याचं तीर्थ

प्रतापरावांचा फोन आला तेव्हा पद्मावती लीलाच्या डोक्याला तेल लावत होती. लावायला केस असे नव्हतेच. टायफॉइडनंतर पोरीचे केस मुठीमुठीने गळाले, आणि राहिलेले पद्मावतीनेच एका सकाळी कात्री घेऊन उतरवले. आता कुठे टाळूवर काळी लव दिसायला लागली होती. तिच्यावरून बोट फिरवताना पद्मावतीला रोज तोच एक चेहरा आठवायचा आणि तेल जरा जोरातच चोळलं जायचं. "आई, दुखतं ना," असं लीलाने म्हटलं की ती भानावर यायची.

फोन सासूबाईंना होता. धाकट्या भावाचा फोन म्हटला की सुशीलाबाईंचा आवाज दोन घरं पलीकडे जायचा.

"सुवासिनी? अरे, पाच काय, दहा आणते की! विहिरीची पूजा, ओटी, सगळं रीतसर करू. टूरिझमच्या मोठ्या बाई येणार म्हणतोस? मग तर झालंच. पण पूजेला बसणार कोण? माझे गुडघे तुला ठाऊक आहेत. शेजारच्या मालनबाईला विचारू का?"

"मी बसते," पद्मावती म्हणाली.

सुशीलाबाईंनी फोनवर हात ठेवला. तिच्या नवऱ्याने, श्रीनिवासने, पेपर खाली घेतला. पावसाळ्यापासून ह्या घरात प्रतापमामांचं नाव निघालं की पद्मावती उठून आत जायची, भांडी घासलेली असली तरी पुन्हा घासायला घ्यायची. ती आज आपणहून म्हणत होती, मी बसते.

"खरंच म्हणतेस?" सुशीलाबाईंनी विचारलं.

"घरचीच पूजा आहे ना. मामांना सांगा, ओटी, तीर्थ, प्रसाद, सगळं माझ्याकडे."

फोनमधून प्रतापरावांचं खळखळून हसणं ऐकू आलं. "बघ अक्का, मी म्हणत नव्हतो? राग काय जन्मभर राहतो का? शहाणी आहे सूनबाई!"

शहाणी सूनबाई लीलाच्या टाळूवरून बोट फिरवत राहिली. ह्या वेळी अगदी हळू.

हैदराबादेहून चेवेळ्ळाच्या पुढे, मोठ्या रस्त्यापासून आत, कोंगलकुंटा नावाचं तळं आहे. कोंगा म्हणजे तेलुगूत बगळा. पाण्यात उभ्या असलेल्या जुन्या बाभळींवर बगळे आणि उघड्या चोचीचे करकोचे घरटी करायचे. विणीच्या दिवसांत झाडं लांबून चुना मारल्यासारखी पांढरी दिसायची. तळ्याकाठची जमीन प्रतापरावांच्या घराण्याची, निजामाच्या काळापासूनची. ज्वारी पिकायची, तूर पिकायची, आणि पोरंबाळं सिकंदराबादेत नोकऱ्या करायची. मग वेगळ्या राज्याची चळवळ तापली. जमिनीचा भाव एका महिन्यात आभाळाला, दुसऱ्या महिन्यात मातीत. विकावी की ठेवावी हे कुणालाच कळेना. प्रतापरावांना कळलं. त्यांनी तिथे 'निसर्गग्राम' काढलं.

शेणाने सारवलेल्या भिंतींच्या आणि आत एसी बसवलेल्या झोपड्या. बैलगाडी. चुलीवरची भाकर. फाटकावर तीन भाषांतली पाटी, 'निसर्ग वाचवा, निसर्गात राहा'. नावा फिरायला जागा हवी म्हणून पाण्यातल्या बाभळी तोडल्या, तसे बगळे उठून गेले ते गेलेच. पाहुणे विचारायला लागले, नाव कोंगलकुंटा आणि कोंगा कुठेत? तेव्हा प्रतापरावांनी सिमेंटचे बगळे करवून घेतले आणि काठाने ओळीत उभे केले. त्यातल्या एकाला त्यांनी काळा चष्माही घातला होता. मुलं त्याच्या गळ्यात हात टाकून फोटो काढायची.

नवं राज्य झालं त्या आषाढात त्यांनी सगळ्या नातेवाइकांना तिथे जेवायला बोलावलं. जेवण झालं, बैलगाडी झाली, मग सगळी मुलं विहिरीकडे पळाली. ती विहीर म्हणजे निसर्गग्रामचा मान. दगडी बांधणीची, वर नवा कोरा रहाट, आणि मुलांच्या हाती पेलेल एवढी तांब्याची घागर. पाणी ओढायचं आणि ओंजळीने प्यायचं, हा तिथला खेळच होता. पद्मावतीने लीलाचा फ्रॉक मागून धरून ठेवला.

"सूनबाई, काय हे!" प्रतापराव कमरेवर हात ठेवून म्हणाले. "पोरीला काय लोणच्यासारखं बरणीत घालून ठेवणार? अगं, जमिनीतलं पाणी आहे. ह्याच्यावर आम्ही वाढलो."

"मामा, तिचं पोट जरा नाजूक आहे. मी उकळलेलं आणलंय."

"उकळलेलं! ऐकलंस का अक्का? विहिरीवर येऊन उकळलेलं पाणी पिणार! हौली, वेडी की काय गं तू?"

सगळे हसले. श्रीनिवाससुद्धा हसला, हे ती विसरली नव्हती. त्या हसण्यात तिच्या हातातला फ्रॉक सुटला. मामांनी स्वतः घागर वाकडी केली, लीलाची इवलीशी ओंजळ आपल्या तळहातावर धरली आणि भरली. "अजून? अजून पाहिजे?" करत, पोर आनंदाने नाचायला लागेपर्यंत.

ताप आला तो उतरेना. दवाखान्यात नर्सला लीलाच्या हाताची शीर सापडेना. एका हातावर टोचून झालं, मग दुसऱ्या, मग पायावर. लीला आधी ओरडत होती. नंतर नुसती बघत राहायची, आणि ते पद्मावतीला जास्त सोसवत नव्हतं. डॉक्टरांनी विचारलं, बाहेरचं पाणी कुठे प्यायली होती? तिने सांगितलं.

त्याच संध्याकाळी प्रतापराव सफरचंदांची करंडी घेऊन भेटायला आले. खाटेभोवती सगळं घर उभं होतं. "विहिरीचं पाणी? छे! मी कुठे पाजलं? मुलं काय ऐकतात का, प्यायली असेल स्वतःच," ते म्हणाले. मग आवाज खाली आणून, जणू तिची कीवच येत असल्यासारखं: "अंबरपेठेतली पाणीपुरी बंद कर, सूनबाई. शिकली-सवरलेली आहेस. आईचं लक्ष पाहिजे गं."

सुशीलाबाईंनी मान हलवली. कुणाकडे बघून हलवली ते पद्मावतीने पाहिलं नाही. ती मामांच्या तोंडाकडे बघत होती. हे तोंड, तिने ठरवलं, एक दिवस चारचौघांत उघडं पडलं पाहिजे. त्याच पाण्यावर.

लीला घरी आली. पद्मावतीने पहिलं काम काय केलं, तर एकटीने बस पकडून निसर्गग्रामला गेली. तिकीट काढलं, तोंडावर ओढणी घेतली आणि पाहुण्यांसारखी हिंडली. झोपड्यांच्या मागे, जिथे कुणी फोटो काढत नाही तिथे, बेशरमाची दाट झुडपं होती. झुडपांखालून हाताएवढा जाड पाइप तळ्यात उतरला होता. वास असा की डोळ्यांत पाणी यावं. त्या पाइपापासून विहिरीवर दगड फेकला असता तर रहाटाला लागला असता. तिने रहाट फिरवला, थोडं पाणी बाटलीत भरलं आणि आपल्या जुन्या कॉलेजात नेलं. मायक्रोबायॉलॉजीत पदवी घेताना तिथल्या प्रयोगशाळेच्या टेबलापाशी ती उभी राहायची. तिथे तपासणीची छोटी बाटली मिळते, आत औषध लावलेला कागद असतो; पाण्यात मैला मिसळला असेल तर पाणी काळं होतं. दुसऱ्या दिवशी बाटली शाईसारखी काळी होती.

ती बाटली तिने श्रीनिवाससमोर ठेवली. त्याने ती फिरवून बघितली.

"मामा आहेत गं ते," तो म्हणाला. "वडील गेले तेव्हा माझं शिक्षण त्यांनी बघितलं. आईला काय वाटेल?"

"आणि मला?"

त्याने बाटली तिच्याकडे परत सरकवली. प्रतापरावांना कुणीतरी बाटलीचं सांगितलंच. "कोळसा टाकला असेल तिने," ते म्हणाले म्हणे, आणि पुन्हा हसले.

मग ती सरकारी कचेरीत गेली. तिथे त्या दिवसांत कामकाज म्हणण्यासारखं काही नव्हतं. एका राज्याची दोन झाली होती आणि कपाटांवर दोन रंगांचे कागद चिकटवून ठेवले होते, कुठलं कपाट कुठल्या राज्याचं ते कळावं म्हणून. खिडकीतल्या माणसाने तिचा अर्ज वाचला, बाटली उजेडात धरून बघितली.

"अम्मा, बात तो सही है तुम्हारी," तो म्हणाला. "पर साब का पता नहीं. आंध्रा जाते कि यहींच रहते. साब को खुद मालूम नहीं."

"मग दुसरं कोण बघणार?"

"दूसरे साब को वहाँ से इधर आना है. आए तो देखते." त्याने खुर्चीकडे बोट दाखवलं. "ये कुर्सी भी बँटने वाली है अम्मा, बाकी सब के जैसी अट्ठावन-बयालीस में. चार पाँव हैं, कैसा बाँटते मैं भी देखता."

मागच्या टेबलावरचे दोघे हसले. पद्मावतीही हसली, कारण हसली नसती तर रडली असती. जिने उतरताना तिच्या लक्षात आलं की आता जे करायचं ते आपल्यालाच करावं लागणार आहे. आणि ते लक्षात आल्यावर तिला वाईट वाटलं नाही. भूक लागल्यासारखं वाटलं.

म्हणून फोन आला तेव्हा ती म्हणाली, मी बसते.

पूजेचं सामान तिने बेगम बाजारातून स्वतः आणलं. हळद-कुंकू, खण, सुपारी, नारळ, आणि एक नवीन पितळी पळी, लांब दांडीची. दुकानदाराने स्वस्तातली दाखवली ती तिने परत केली. "चांगली खोलगट द्या," ती म्हणाली.

तिचा बेत साधा होता. सुवासिनी विहिरीची पूजा करतात तेव्हा त्या विहिरीचंच पाणी तीर्थ होतं. पहिलं तीर्थ यजमानाला. आणि हातावर पडलेलं तीर्थ कुणी नको म्हणत नाही. देव न मानणाराही ओठाला लावतो. मामा प्यायले तर त्यांच्या पोटात ते पाणी जाईल जे लीलाच्या गेलं. नाही प्यायले तर का नाही प्यायले ते सगळ्यांना दिसेल. रोज रात्री लीलाला थोपटताना तिने हे दोन्ही प्रसंग मनात पुन्हापुन्हा बघितले होते आणि दोन्ही तिला सारखेच आवडत होते.

कार्तिकातली स्वच्छ सकाळ होती. लीलाला मालनबाईंकडे ठेवून घरचे सगळे निसर्गग्रामला पोचले. पांढरा मांडव, खुर्च्या, ढोलवाले. नव्या राज्यातल्या निवडक पर्यावरण-पर्यटन केंद्रांची पहिली निवड व्हायची होती आणि त्यासाठी टूरिझमच्या बाई कॅमेरेवाल्यांसकट येऊन बसल्या होत्या. सुती साडी, गळ्यात चष्म्याची दोरी, प्रत्येक गोष्ट नीट बघणारे डोळे. प्रतापराव त्यांच्यापुढे कमरेत वाकून वाकून बोलत होते. खादीचा कुर्ता, खांद्यावर जरीचं उपरणं.

त्यांची सून, गोविंदची बायको सुनीता, लांब उभी होती, कडेवर चिन्नी. तिचं खरं नाव कुणी घेत नसे. आजोबांनी तेलुगूत लाडाने चिन्नी म्हटलं आणि तेच राहिलं. लीलापेक्षा चारदोन महिन्यांनी लहान. दोन बाजूंना दोन भरगच्च कुरळ्या शेंड्या, लाल रिबिनी. पद्मावतीची नजर त्या केसांवर अडकली. तिने ती ओढून काढली.

विहिरीजवळ पाट मांडला होता आणि पाटावर कलश, काठोकाठ भरलेला.

"कलश मी भरून ठेवलाय, सूनबाई," प्रतापराव तिच्याजवळ येऊन म्हणाले. "तुला उगाच रहाट ओढायचा त्रास नको."

"कशाचं पाणी, मामा?"

"चांगलं आहे गं. स्वच्छ."

पद्मावतीने टेबलाकडे बघितलं. टेबलावरचा पांढरा कपडा जमिनीपर्यंत आला होता, पण एका कोपऱ्यात वर उचलला गेला होता आणि त्याखाली सीलबंद पाण्याच्या बाटल्यांचं खोकं दिसत होतं. एक बाटली रिकामी, आडवी.

आजवर तिच्या मनात एक छोटासा कोपरा होता, जिथे ती म्हणायची, मामांना माहीतच नसेल. हेकट आहेत, अडाणी आहेत, पण माहीत नसेल. तो कोपरा त्या क्षणी मिटला. त्यांना माहीत होतं. लीलाच्या खाटेपाशी उभं राहून सफरचंदं देताना कदाचित माहीत होतं.

"आई," ती मोठ्याने म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "विहिरीची पूजा आणि कलशात बाटलीचं पाणी चालतं का हो?"

"अगोबाई!" सुशीलाबाईंचा तोच दोन घरं पलीकडे जाणारा आवाज. "प्रताप, असं कुठे असतं का? तिची पूजा करायची आणि तिचंच पाणी नको? रीत आहे की नाही काही?"

टूरिझमच्या बाईंनी शेजारच्याला विचारून घेतलं काय चाललंय ते. "नहीं नहीं, कुएँ का ही लीजिए," त्या उत्साहाने म्हणाल्या. "हमें असली परंपरा ही चाहिए." कॅमेरेवाले पुढे सरकले.

प्रतापरावांना हसावं लागलं. कलश बाभळीच्या खोडापाशी रिकामा झाला, रहाट कुरकुरला, आणि पद्मावतीने घागर वर ओढून कलश विहिरीच्या पाण्याने भरला. सकाळच्या उन्हात पाणी अगदी निर्मळ दिसत होतं. तिने हळद-कुंकू वाहिलं, काठावर खण ठेवला, नारळ ठेवला, विहिरीची ओटी भरली. बायकांनी आरती म्हटली. कलशात तुळशीचं पान टाकून तिने पळी उचलली.

"पहिलं यजमानांना."

प्रतापराव पुढे आले. उजवा तळहात खोलगट करून तिच्यासमोर धरला. तिने पळी रिती केली. हात तोंडाजवळ गेला आणि तिथून न थांबता सफाईने वर, डोक्याकडे निघाला. हे ते करणार हे तिला ठाऊकच होतं.

"मामा, डोक्याला नंतर. आधी ओठाला."

बायका हसल्या. बाईही हसल्या. प्रतापरावांचा हात मध्येच राहिला. त्यांनी पद्मावतीकडे बघितलं, आणि पूजेला मी बसते म्हणणारी ही शहाणी सूनबाई इथे कशाला आली आहे, हे त्यांना तेव्हा कळलं. तिला ते कळताना दिसलं. केवढं गोड वाटलं तिला ते!

पण प्रतापराव कच्च्या गुरूचे चेले नव्हते. त्यांनी हात खाली आणला, ओठाला लावला आणि फुर्रकन आवाज करत सगळं तीर्थ पिऊन टाकलं. मिशा पुसल्या. "अमृत!" ते गरजले. "मॅडम, ह्या पाण्यावर आमच्या सात पिढ्या झाल्या!"

टाळ्या पडल्या. कॅमेऱ्यांचे आवाज झाले. "झालं समाधान?" मामा तिच्याकडे झुकून हळूच म्हणाले. त्यांच्या मिशीवर पाण्याचा एक थेंब चमकत होता.

पद्मावतीने ते दोन्ही प्रसंग इतक्या वेळा बघितले होते, आणि हे त्यात नव्हतंच. एका पळीभर पाण्याने ह्या दांडग्या माणसाचं काय होणार होतं? कदाचित काहीच नाही. आणि टूरिझमच्या बाई खुर्चीवरून उठल्या होत्या, पदर सावरत होत्या, हसत हात पुढे करून येत होत्या. आता त्याही पितील, त्यांचाही फोटो निघेल, आणि निसर्गग्रामच्या पाटीखाली तो लागेल. मामांना ह्याहून मोठी शिफारस कुणी दिली नसती. ती तिने दिली होती, स्वतःच्या हाताने, नव्या पळीने.

"मला! मला पण तीर्थ!"

चिन्नी आईच्या कडेवरून उतरून आजोबांच्या हाताखालून पुढे घुसली होती. कुणीतरी छान शिकवलं होतं तिला. डाव्या हातावर उजवा, बोटं घट्ट मिटलेली, एवढीशी वाटी झालेली. शेंड्या हलत होत्या.

पद्मावतीने पळी बुडवली, काठोकाठ भरली आणि त्या हातावर आणून थांबवली. मग चिन्नीच्या डोक्यावरून तिने प्रतापरावांकडे बघितलं.

"मामा, देऊ?"

"अगं... ती लहान आहे."

"लीलाएवढीच आहे."

"सर्दी झालीय तिला."

"नाही झाली, आजोबा!" चिन्नी म्हणाली. मंडळी हसली.

पद्मावतीने पळी किंचित कलती केली. पाण्याची गोल कड पळीच्या ओठाशी येऊन थांबली. "जमिनीतलं पाणी आहे, मामा," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला, इतका गोड होता. "ह्याच्यावर तुम्ही वाढलात. पोरीला काय बरणीत घालून ठेवायचं? देऊ ना?"

प्रतापरावांनी बाईंकडे बघितलं, कॅमेऱ्याकडे बघितलं, पुन्हा पळीकडे बघितलं. पळी आणखी कलली. एक थेंब सुटला आणि चिन्नीच्या हातावर पडला. चिन्नीने हात तोंडाकडे नेला.

"नक्को!"

हैदराबादेत हा शब्द कुणाला कळत नाही? मराठीला कळतो, तेलुगूला कळतो, उर्दूवाल्याला कळतो. ढोलवाल्यांनाही कळला. प्रतापरावांनी फटका मारून नातीचा हात खाली पाडला, त्या झटक्यात पळी उडाली, काठावर खणकन आपटली आणि विहिरीत गेली. चिन्नीने भोकाड पसरलं. प्रतापराव गुडघ्यांवर बसून तिचा तळहात आपल्या जरीच्या उपरण्याने खसाखसा पुसत होते. "बाटली आणा!" ते ओरडत होते. "बाटलीचं पाणी आणा रे, हात धुवा हिचे! तोंडात गेलं का गं? चिन्नी, गेलं का तोंडात?"

टेबलाखालचं खोकं कुणीतरी ओढून बाहेर काढलं. सगळ्यांच्या देखत सील तोडून, सात पिढ्यांच्या विहिरीच्या काठावर, त्या एका थेंबासाठी बाटलीतलं पाणी बदाबदा ओतलं गेलं. कुणी हसलं नाही.

टूरिझमच्या बाईंनी पुढे केलेला हात कधीच मागे घेतला होता. "प्रतापराव जी," त्या म्हणाल्या, "कॉटेज का पानी कहाँ जाता है?"

प्रतापराव गुडघ्यांवरच होते. पद्मावतीने हात वर करून झोपड्यांच्या मागची बेशरमाची झुडपं दाखवली. बाई चपला सावरत तिकडे निघाल्या, त्यांच्यामागे कॅमेरे, आणि कॅमेऱ्यांमागे अर्धा मांडव.

सुनीताने सासऱ्यांच्या हातातून चिन्नीला घेतलं. "बाबा," तिने विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?" ते उपरण्याची ओली कड पिळत राहिले. "दर रविवारी इथे लोकांची मुलं पितात. तुम्हाला माहीत होतं?"

प्रतापरावांनी बहिणीकडे बघितलं. सुशीलाबाई पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना आवाज नव्हता.

हेच, पद्मावतीला वाटलं. हेच पाहिजे होतं मला. खाटेपाशी मी जशी उभी होते तसा उभा राहा आता.

ती मोटारीकडे निघाली तेव्हा मागून पावलं वाजली. सुनीता होती. चिन्नी तिच्या खांद्यावर हुंदके देत होती, धुऊन धुऊन लाल झालेला हात लोंबत होता.

"वहिनी, एक विचारायचंय. खरं सांगा. त्यांनी नको म्हटलं नसतं तर ओतलं असतं तुम्ही?"

"मामांनी लीलाला पाजताना मला विचारलं नव्हतं."

"मी त्यांचं विचारत नाहीये. त्यांचं मी बघते. तुमचं विचारतेय. हिने तुमचं काय केलं होतं?"

इतके महिने पद्मावतीकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर तयार होतं. सासूबाईंना काय म्हणायचं, श्रीनिवासला काय, मामांना काय. सुनीता ह्या सगळ्यांत कुठे नव्हती. तिने सुनीताच्या डोळ्यांत बघितलं. दवाखान्यात तोंड धुताना आरशात तिला हेच डोळे दिसायचे. 'नाही' म्हणणं सोपं होतं. पण पळीचं वजन अजून तिच्या बोटांत होतं, आणि ते कुठल्या बाजूला कललं होतं ते बोटांना आठवत होतं.

"माहीत नाही," ती म्हणाली.

सुनीताने चिन्नीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं, पद्मावतीपासून लांबच्या.

"ही जागा बंद होईल," ती म्हणाली. "जमिनीत गोविंदचाही हिस्सा आहे. तो पाइप उखडल्याशिवाय आणि विहीर साफ झाल्याशिवाय इथे मी एक माणूस येऊ देणार नाही. लीलासाठी एवढं मी करीन." मग थोडं थांबून: "पण तुम्ही आमच्या घरी येऊ नका, वहिनी. कधीच."

"बरं," पद्मावती म्हणाली.

परतीच्या वाटेवर सुशीलाबाई मागच्या सीटवर मुसमुसत होत्या. भावाला चारचौघांत, पाहुण्यांसमोर, असं अर्धं अर्धं काहीतरी पुटपुटत होत्या, आणि मध्येच गप्प होत होत्या, कारण त्याच्या पुढचं वाक्य त्यांना सापडत नव्हतं. श्रीनिवास समोर बघत गाडी चालवत होता. शहर लागलं, ट्रॅफिक लागला. एका सिग्नलला थांबल्यावर त्याने तिच्याकडे न बघताच विचारलं.

"आता बरं वाटतंय?"

पद्मावतीने मनात सगळीकडे हात फिरवून बघितलं. गुडघ्यांवर बसलेले मामा होते, त्यांचा आवाज होता, उपरण्याने खसाखसा पुसला जाणारा तो लहानगा हात होता. सुनीताने बाळ उचलून दुसऱ्या खांद्यावर घेतलं, तेही होतं. कुठे बोचतंय का ते ती शोधत राहिली.

"हो," ती म्हणाली. "खूप."

सिग्नल सुटला. श्रीनिवासने गिअर टाकला आणि अंबरपेठ येईपर्यंत पुन्हा काही विचारलं नाही.